लोखंडी तळव्याचा बूट

माझी नात मंगल डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधते. मोटारसायकलच्या कारखान्यात ती नव्या गाड्या चालवून बघते. कंपनी आता मातीवरच्या शर्यतीत उतरते आहे. तिथे टिकेल त्या गाडीवरूनच पुढे रस्त्यावरची गाडी काढणार म्हणे. शर्यतीला मंगलला घ्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसले. मैदान आमच्या खळ्यासारखं पाणी मारून चोपलेलं होतं आणि गाड्या मळणीच्या बैलांसारख्या एकाच अंगाने फिरत होत्या. मंगलच्या गाडीला पुढचा ब्रेक नव्हता.

"मग वळणावर काय करतेस?"

"गाडी आडवी करायची आणि डावा पाय मातीवरून घसरत न्यायचा, आजी. भार द्यायचा नाही, नाहीतर पाय मोडतो."

"सासरी मी तेच केलं."

"मग तुलाच घेतील."

ती गेली. वळणावर गाडी इतकी झुकली की मी काठी घट्ट धरली. माणूस घाबरला की पाय रोवतो आणि तिथेच पडतो. मी बऱ्याच जणांना असं पडताना पाहिलंय. मंगलने पाय रोवला नाही. माती उडाली आणि गाडी वळणाबाहेर सरळ निघाली.

ती परत आली तेव्हा तळवा चकचकीत झाला होता.

"घेतलं का?"

"घेतलं."

"मग साहेबांना सांग, रस्त्यावरच्या गाडीला मागे सीट ठेवा. आणि काठी अडकवायला काहीतरी."