वाऱ्याला खोबरेल

माझा सडा, म्हणजे उघड्या कातळाचा माळ, आणि चुलतदादाचा सडा यांच्यामध्ये एक वहाळ, पावसाळी ओढा. पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीने दोघांच्याही कातळावर वारा मोजायचा एकेक खांब उभा केला, त्यावर तीन वाट्यांचं भिरभिरं. ज्याच्याकडे वारा जास्त, त्याच्या सड्यावर पवनचक्की येणार होती. आकडे थेट पुण्याला जायचे, आम्हाला काही कळायचं नाही. मी आपला रोज डोळे बारीक करून बघायचो, आणि रोज मला दादाच्याच वाट्या जोरात फिरताना दिसायच्या.

मी जळायचो, खोटं कशाला बोलू. त्याच्या कलमांना मोहोर आधी, त्याच्या विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी, आणि आता वाराही त्याच्याकडेच वळलेला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी तपासणीसाठी माझा खांब आडवा केला. पुण्याच्या इंजिनीअरबाई म्हणाल्या, खाऱ्या हवेत कितीही वर्षं काढली तरी हे पहिल्या दिवशीसारखंच फिरलं पाहिजे, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. कुणी हात लावू नका. मंडळी जेवायला बसली तेव्हा मी हात लावला. आमच्याकडे कडी कुरकुरली, कुलूप गंजलं, शिवणयंत्र अडलं, की खोबरेल. दोन थेंब पुरले असते. मी हेव्यापायी वाट्यांच्या आसात चांगलं चमचाभर ओतलं.

डिसेंबरात बाईंचा फोन. तुमच्याकडे सकाळी नऊपर्यंत वारा पडतो का, असं विचारत होत्या. दादाकडे तसं होत नव्हतं. त्याच्याकडे कसं होईल!

एका गार सकाळी खांब पुन्हा खाली घेतला. दोर धरायला दादाही आला होता. बाईंनी वाट्या सोडवल्या, तर आत पांढरं थिजलेलं तेल आणि त्यात कातळाची लाल धूळ. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल डोक्याला लागत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. दादाने बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. तुमचे आकडे आता धरता येणार नाहीत, म्हणाल्या, चक्की दादांच्या सड्यावर जाईल. मग सामान आवरताना त्यांनी विचारलं, "तेल कशाला घातलंत? पहिलं वर्षभर तुमचाच वारा जास्त होता."

दादा वहाळापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. मग म्हणाला, "मला पण तुझ्याच वाट्या जोरात दिसायच्या रे."

ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच, की जळूनही हात न लावणं यालाच जमलं.