कुंपणाबाहेरची कळलावी

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले, ते साल पस्तीस-छत्तीसच्या आसपासचं असेल. हे रेल्वेत नोकरीला होते. घर लहानसं, कौलारू, पण पुढे अंगण होतं आणि त्याला काट्याकुट्यांचं कुंपण. येताना मी पुण्याहून माहेरची शेवंती आणि गुलाबाची कलमं आणली होती. आषाढात सगळ्यांची मुळं कुजली. सासूबाई म्हणाल्या, "इथं दरवर्षी नवी रोपं लावायची आणि दरवर्षी काढून टाकायची. दुसरं काय होणार?"

मला ते पटेना. एकदा लावलं की आपलं आपण दरवर्षी उगवेल, या पावसाला पुरून उरेल असं फुलझाड मला हवं होतं. सोनटक्का लावला, तो जगला. कर्दळही जगली. पण ती दोन्ही घरोघरी होती.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही भुशीच्या तळ्याकडे फिरायला गेलो. वर चढताना करवंदीच्या जाळीत काहीतरी पेटल्यासारखं दिसलं. जवळ गेले तर फूल! खाली पिवळं, वर लालभडक, पाकळ्या वर वळलेल्या आणि कडांना चुण्या. पानांची टोकं दोऱ्यासारखी बारीक होऊन वेटाळलेली, आणि त्या टोकांनीच वेलीनं जाळी घट्ट धरली होती. मी तिथंच चिखलात बसून खाली हातानं उकरायला लागले.

"अगं, फुलावर असताना उपटलंस तर मरेल ते," हे म्हणाले.

पलीकडे एक बाई म्हशी चारत होत्या. त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "कळलावी हाय ती, बाय. कांदा लय इखारी. गुरं बी तोंड लावत न्हाईत. घरी कुटं नेतीस?"

"अंगणात लावीन, मावशी."

"मंग हिवाळ्यात ये. येल वाळला म्हंजी कांदा झोपतो. तवा काढ."

यांनी जाळीला रुमालाची चिंधी बांधली. पुढचे महिने मी त्या चिंधीचाच विचार करत होते. थंडी पडल्यावर आम्ही कुदळ घेऊन गेलो. वेलीचा मागमूस नव्हता, पण चिंधी होती. हळूहळू माती बाजूला केली तसा कंद दिसला, नांगरासारखा दोन फाट्यांचा. एक फाटा माझ्याच हातून मोडला. दुसऱ्याचं टोक मात्र शाबूत होतं, आणि कोंब टोकालाच फुटतो एवढं मला पुढे कळलं. मी तो पदरात गुंडाळून, बाळ आणावं तसा घरी आणला.

सासूबाईंनी नाव ऐकलं मात्र, हातातली पळी खाली ठेवली. "कळलावी? घरात? नावच सांगतंय ना ती काय करते ते. उद्या तुझं-माझं पटायचं नाही."

"आत्ताच पटत नाहीये," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझी मलाच भीती वाटली.

त्यांनी पळी पुन्हा उचलली. मग हसल्या. "कुंपणाच्या आत नको. बाहेर लाव काय ते. आणि हात धू साबणानं."

बाहेर तर बाहेर. पाणी साचू नये म्हणून मी मुरूम आणि नदीची वाळू घालून उंचवटा केला, कंद आडवा ठेवला, वर पालापाचोळा पसरला. उन्हाळाभर थेंबभर पाणी घातलं नाही. शेजारणी विचारायच्या, "त्या ढिगात काय पुरलंय?" "पावसात बघा," मी म्हणायचे.

ज्येष्ठ सरता सरता हिरवी सुई जमिनीतून वर आली. मी ओरडतच आत धावले. पुढे रोज उठल्याबरोबर आधी ती बघायची, मग चूल. ती हातभर झाली, पानांच्या टोकांनी कुंपण धरलं, काट्यांतून वाट काढली आणि सरळ आमच्या अंगणात उतरली.

एका सकाळी मी दळत होते. बाहेरून सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, आधी इकडे ये. जातं राहू दे."

तीन फुलं उमलली होती, सगळी कुंपणाच्या आतल्या बाजूला. सासूबाई पदर खोचून त्यांच्यासमोर उभ्या होत्या. "कळ्या खाली माना घालून होत्या काल," त्या म्हणाल्या, "आणि आज बघ." म्हणजे कालही त्या बघून गेल्या होत्या तर.

"वेल आत आलीय. बाहेर वळवू का?" मी विचारलं.

"राहू दे. टोकं नाजूक आहेत, तुटतील."

त्या दिवशी बाजारात जाणारी माणसं कुंपणाशी थांबत होती. कुणीतरी विचारलं, "कुणाची हो ही?" मी तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "आमची. सुनेनं आणलीय डोंगरातून. दरवर्षी येणारी आहे."

थंडीत वेल वाळली तेव्हा मी कंद उकरून पाहिला. एकाचे दोन झाले होते. दुसरा कुठं लावायचा यावरून आमची दोघींची चांगलीच खडाजंगी झाली. त्यांना तो तुळशीजवळ हवा होता आणि मला दाराशी. शेवटी दाराशी लावला, कारण तुळशीला रोज पाणी पडतं आणि झोपलेल्या कंदाला ते सोसलं नसतं. हे कारण सासूबाईंनीच शोधून काढलं.