कपाटात उरलेली पुस्तकं

रविवारच्या उपासनेनंतर सुमनकाकूंनी काकांचं कपाट माझ्यासाठी उघडलं. काका आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, होते. ते गेले, आणि त्या जागी आता माझं नाव पुढे आलंय. बायबलवरची पुस्तकं इतरांनी आधीच नेली होती. उरली होती ती मधमाश्यांची, समुद्रप्रवासाची, विहिरींची. काका घरोघर भेटींना जाताना एसटीत वाचत. खुणेला तिकीटच ठेवत.

मार्थाबाईंचा नवरा वारला तेव्हा मी काकांबरोबर होतो. आम्ही सगळे बायबलमधली वचनं म्हणत होतो आणि बाई भिंतीकडे बघत होत्या. काकांनी हळूच विचारलं, "त्यांच्या मधपेट्या आता कोण बघतं? उन्हाळ्यात माश्या उठून जातील, बाई."

बाई पहिल्यांदा बोलल्या, मग रडल्या. प्रार्थना त्यानंतर झाली.

वचनं मलाही पाठ आहेत. पण असा एक प्रश्न सुचायला किती वाचावं लागत असेल? आज काका असते तर विचारलं असतं.

मधमाश्यांच्या पुस्तकातलं तिकीट शेवटच्या पानावर होतं. विहिरींच्या पुस्तकातलं मात्र मध्येच. कुणाच्या घरी जायचं राहिलं असेल त्यांचं?

तेच पुस्तक मी पिशवीत घातलं.