मायला न्यायला आलेला मुराळी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर येड्यातच काढलंय... आता माजाच नंबर लागलाय. मला लिवता येत न्हाई. मी सांगायलोय अन् बायको मोबाइलवर टाइप करायलीय. मधूनच "जरा नीट सांगा की" म्हणून कोपर मारायलीय.

आमचं गाव बोरी, जिंतूर तालुका. माजी माय सखूबाई दोन वर्सांपासून समदं इसरत गेली. डॉक्टर म्हणला, मेंदूची बिमारी हाय, तिला उलटं बोलू नका. मला तर ती वळखतच न्हाई. "कोन पायजे पाव्हणं?" इचारती. माज्याच घरात मी पाव्हणा! बायको म्हणती, "घरात काम कवा केलंय तुमी? बरोबर वळखलंय मायनं."

दुपार झाली का माय लुगड्यांचं गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसायची. पंचमीला माहेरी न्यायला पिंगळीहून भाऊ येनार... मुराळी. तो आल्याबिगर घास घ्यायची न्हाई. आता मामा मेला तवा मला मिशी बी फुटली नव्हती. एकदा मी शाना, सांगून बसलो, "माय, मामा कवाच गेला." तिनं असा हंबरडा फोडला, जणू आत्ताच निरोप आला. दुसऱ्या दिशी इसरली अन् परत गाठोडं.

मंग मीच मुराळी झालो. डोक्याला पांढरा रुमाल बांधायचा, मागल्या दारानं निघून पुढल्या दारानं यायचं अन् आवाज जाड करायचा, "सखू, आवर! न्यायला आलोय." बायकोनं गूळ-पानी द्यायचं. मायला हाताला धरून मारुतीला वळसा घालून घरी आणायचं. तिला वाटायचं माहेर आलं. मंग भाकर खायची. गल्लीतले म्हणायचे, "नामदेवा, तमाशाचा फड कवा काढतो रं?"

त्या दिशी मायच्या गोळ्या आणायला परभनीला गेलतो. वाटंतच बांधून यावं म्हणून रुमाल सोबत घेतलता. तोच उशाला घेऊन एस्टीत असा झोपलो, का बोरी मागं राहिली अन् मी थेट जिंतूरला! परत येईस्तोवर ऊन कललं. वाटभर जिवाला घोर... माय उपाशी बसली असंल.

घरी आलो तर माय जेवून खुशाल बसलेली. गाठोडं सुटलेलं, लुगडी दोरीवर.

"कोनी जेवू घातलं?"

"आवो, येड पांघरायलाव का? तुमीच आलते की! मी चुलीपुढं व्हते. आवाज ऐकला, गूळ-पानी ठिवलं. जाताना पाठमोरा रुमाल बी दिसला."

मी पिशवीतून रुमाल काढला. बायकोनं तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला.

गल्लीत इचारलं. शेजारीन म्हणली, "म्हातारी एकटीच चालली व्हती मारुतीकडं. हात मातर असा पुढं धरलेला... कोनी धरून न्यावं तसा."

मंग मी तोच रुमाल बांधून मायपुढं हुबा राहिलो. "सखू, न्यायला आलोय..."

माय हसली.

"नाम्या, सोड ते सोंग. दादा येऊन गेला. म्हणला, तुजं पोरगं रोज माज्यावानी रुमाल बांधतंय, पन शेमला उजव्या खांद्यावर सोडतंय. येड्याला कळंना, आपला डाव्या."

नाम्या म्हणली. दोन वर्सांनी. मी रडावं का पळावं...

"अजून काय म्हणला माय, मामा?"

"पंचमीला येतो म्हणला. तवा परत आणून सोडायचा न्हाई."

मंग माज्याकडं बघत राहिली... अन् इचारलं, "कोन पायजे पाव्हणं?"

तवापासून माय गाठोडं बांधत न्हाई. कोनाच्याबी हातानं जेवती. डॉक्टर म्हणला, आठवण येती अशी मधीच कवातरी. असंल. मंग चुलीपुढं बसलेल्या माज्या बायकोनं आवाज कोनाचा ऐकला? तेवढं त्याला बी सांगता आलं न्हाई. तुमाला कुनाला ठावं असंल तर सांगा.

पंचमी तोंडावर आलीय. बायको म्हणती, त्या दिशी पुढल्या दाराला कडी लावून बसू. मी हो म्हणलोय... पन त्याच उंबऱ्यावर मायनं इतक्या दुपारी ज्याची वाट बघितली, तो खरंच आला, तर ती कडी माज्या हातानं लागंल का... तेच समजंना.