आईचं भाषण

आई गेल्यावर आज तिचं कपाट आवरलं. पैठणीच्या घडीतून डांबरगोळ्यांच्या वासाचा एक कागद निघाला.

आमचा वॉर्ड पहिल्यांदाच बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा पप्पांनी आईला उभं केलं होतं. आमच्या मांडवी भागातल्या प्रचारसभेत ती माइकपाशी गेली, तोच पप्पांनी तो ओढून घेतला. "ही घर सांभाळेल, वॉर्ड मी सांभाळीन!" समोर बहुतेक गुजराती मतदार, म्हणून ते गुजरातीत म्हणाले. सगळे हसले. चौदा वर्षांची मीसुद्धा खो खो हसले. आईनं हातातला कागद पदराआड केला.

ती निवडून आली आणि पाच वर्षं पप्पा सांगतील तिथं सह्या करत राहिली.

तोच हा कागद. नळाच्या पाण्याबद्दल लिहिलंय. मध्येच, कंसात, स्वतःसाठी सूचना: 'इथे थांबायचं. टाळ्या वाजू द्यायच्या.'