अडकून पडलेला अभिप्राय

निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे, म्हणून आज आमच्या अकरावीच्या वर्गाचा जुना ब्लॉग उघडला. दर शनिवारी मी त्यावर एक कविता टाकायचे आणि मुलांनी खाली अभिप्राय लिहायचा. अट एकच, नुसतं ‘छान’ चालणार नाही, काय आवडलं ते सांगायचं. मग गावातल्या एकुलत्या एक सायबर कॅफेत आमची अर्धी तुकडी दाटीवाटीने बसायची. वर्गात ज्यांची मान कधी वर व्हायची नाही, ती मुलं तिथे कवितेवरून भांडायची. माझ्या खडूला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं, ते त्या कळकट कीबोर्डांनी केलं.

पानाच्या कोपऱ्यात ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत : १’ असं दिसलं. एखादा अभिप्राय यंत्र अडवून ठेवतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. उघडला, तर सुनंदाचा. विहिरीवरच्या कवितेबद्दल तिने लिहिलं होतं, ‘पाणी खोल गेलं की दोर लांब लागतो. म्हणून या कवितेच्या ओळी शेवटी लांब झाल्यात.’

ती कविता टाकली त्या शनिवारनंतरच्या सोमवारी, अभिप्राय दिसला नाही म्हणून मी तिला भर वर्गात उभं केलं होतं.

“लिहिलंय बाई,” ती म्हणाली होती.

“खोटं बोलू नकोस,” म्हणून मी तिला खाली बसवलं. त्यानंतर वर्षभर तिने एक ओळ लिहिली नाही.

मी ‘प्रसिद्ध करा’ दाबलं. अभिप्राय कवितेखाली आला. त्याच्यापुढे तारीख उमटली, ती त्याच शनिवारची.