एमबीएचा फॉर्म आणि नानांचा एकच प्रश्न

बंगळुरूच्या एमबीएचा फॉर्म आज संध्याकाळी पाचला बंद झाला. माझा अर्धा भरलेला तसाच राहिला.

साक्रीतल्या आमच्या घरात मुलीचं कॉलेज प्लेसमेंट बघून ठरत नाही. त्या शहरात नातेवाईक आहेत का, यावर ठरतं. मी देवपूरच्या एका ऑफिसात दोन वर्षं नोकरी केली, परीक्षेत चांगले मार्क मिळवले. तरी प्रत्येक कॉलेजला नानांचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा, एकच प्रश्न: "तठे आपलं कोन शे?"

पुण्याची मावशी गावी परत आली, म्हणून गेल्या महिन्यात पुणं गेलं. नागपुरात कोणीच नाही, म्हणून नागपूरही गेलं. बंगळुरू मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे माझा सख्खा भाऊ राहतो.

आज सकाळी तेच सांगितलं.

"तो भाडानी खोलीमा ऱ्हास. ते काय घर शे का?" नाना म्हणाले. "तुनं लगीन व्हऊ दे, मंग सासरकडलंच कॉलेज दखू."

वडील पेपर वाचत राहिले. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी भर ना. घाई काय आहे?"

हाच भाऊ चार वर्षांपूर्वी बंगळुरूला निघाला, तेव्हा तिथे आपलं कोण होतं, हे कोणी विचारलं नाही. नानांनी पेढे वाटले.

तुमच्या घरी कसं ठरतं, सांगा. आणि नानांच्या प्रश्नाचं उत्तर मला आज मिळालं. भाऊ तिथेच आहे, पण तिथे माझं कोणी नाही.